झोपेचं कलम

आमच्या होणाऱ्या एमडी झोपल्या होत्या, आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा पगार ठरवत होते.

साताऱ्याहून मेढ्याकडे जाताना एका वळणावर कंपनीचं गेस्ट हाऊस आहे. समोर दरी. सकाळपासून तिथं मुलाखत चालली होती. जेवणं झाल्यावर सुजाता मोटे म्हणाल्या, "आता मला तासभर द्या. मी दुपारी झोपते." समितीची माणसं हसली. त्यांना तो विनोद वाटला. बाई मात्र उठल्या, व्हरांड्यातली वेताची आरामखुर्ची दरीकडे फिरवली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि बघता बघता झोपल्या. आत समिती खोळंबली. बाहेर मी लॅपटॉप घेऊन बसले.

पाऊस उघडला होता. दरीतून धुकं वर येत होतं. आधी समोरची झाडं गेली, मग कंपाउंडची भिंत, मग पायरीशी काढून ठेवलेल्या माझ्या चपला. लॅपटॉपवर आकडे तेवढे स्वच्छ दिसत होते. बाकी सगळं जग कुणीतरी पुसून ठेवल्यासारखं. बाईंचा श्वास संथ चालला होता. इतकी वर्षं मी लोकांचे पगार ठरवले, पण समोरचा माणूस झोपलेला असताना कधी नाही. भांडायला कुणीच नव्हतं. मला चुकल्यासारखं वाटत होतं.

माझं काम थोडक्यात सांगते. कंपनीत माझ्या खात्याला कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स म्हणत. म्हणजे कुणाला किती द्यायचं आणि कुठल्या वाटेनं द्यायचं. मोठ्या साहेबाचा पगार हा एक आकडा नसतो. त्यात फिक्स्ड असतो, तो दर महिन्याला मिळतो. व्हेरिएबल असतो, तो कंपनीनं कमावलं तर मिळतो. ईसॉप असतात, म्हणजे आज ठरलेल्या भावानं पुढं कधीतरी शेअर घेण्याचा हक्क. आणि मग पर्क्स. घर, गाडी, क्लब, फोन, मुलांच्या शाळा. पैसे न देता दिलेले पैसे. साहेब लोक फिक्स्डवर सभ्यपणे बोलतात आणि पर्क्सवर भांडतात. एक साहेब स्वयंपाक्याच्या पगारासाठी नोकरी नाकारून गेले होते.

भांडायला मी बरी होते. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार, म्हणजे पोती तोलणारे. त्यांचा डबा घेऊन जाता जाता मी सौदे बघत वाढले. कुपवाडच्या आमच्या जुन्या प्लांटमध्ये टाइम ऑफिसला क्लार्क म्हणून लागले. नोकरी करत शिकले. वर चढले, पण एका पायरीवर अडकले. माझ्या ग्रेडला गाडी होती, ड्रायव्हर नव्हता. वरच्या ग्रेडला होता. त्या ग्रेडचा शब्द अण्णांनी मला दिला होता. एकदा नव्हे, अनेकदा. तोंडी. दरवेळी ती खुर्ची मुंबईहून आलेल्या कुणाला तरी मिळाली, आणि त्याचं पॅकेजही मलाच बसवून द्यावं लागलं. त्याच्या ड्रायव्हरचा भत्तासुद्धा.

अण्णा म्हणजे आमचे चेअरमन. सांगलीच्या जुन्या जैन व्यापारी घराण्यातले. हळदीच्या पेढीतून निघून त्यांनी गिअरबॉक्सचा कारखाना काढला. पुढं कंपनी शेअर बाजारात गेली, साताऱ्याला नवा प्लांट झाला. पगार ठरवणाऱ्या समितीचे कागदावरचे अध्यक्ष पुण्याचे एक निवृत्त सीए होते. पण अण्णांनी मान हलवल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत.

त्या वर्षी आमची मान एका ठिकाणी अडकली होती. आधीचे एमडी निवृत्त झाले होते. एका मोठ्या फंडाकडे आमचे बरेच शेअर होते. त्यांनी कळवलं, वार्षिक सभेच्या आत बाहेरचा जाणता एमडी आणा, नाहीतर आम्ही आमचा हिस्सा विकतो. विकत घ्यायला एक स्पर्धक टपून होता, आणि त्याला आमच्या दोन प्लांटपैकी एकच हवा होता. साताऱ्याचा नवा, कुपवाडचा जुना. बंद कुठला पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. कुपवाडच्या गेटवर मी आयुष्यातली पहिली हजेरी लावली होती. तिथली माणसं मला अजून ताई म्हणत.

आधीचे उमेदवार टिकले नव्हते. एकांना पुण्यात राहून रोज साताऱ्याला यायचं होतं. मुलाखतीला येताना ते साताऱ्याच्या अलीकडं घाटात असे अडकले, की त्यांनी गाडीतूनच नाव मागं घेतलं. दुसऱ्यांना राहतं घर मुंबईतच हवं होतं. उरल्या मोटेबाई. त्यांच्याइतकं गिअरबॉक्समधलं कळणारी माणसं देशात थोडी. शिवाय मूळच्या आपल्याच भागातल्या, पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातल्या धनगराच्या घरातल्या.

तासानं बाईंनी डोळे उघडले. चष्मा लावला. धुक्याकडे बघून म्हणाल्या, "हं. बोला."

मी पहिला आकडा सांगितला. आकडा इथं लिहीत नाही, वार्षिक अहवालात छापलेला आहे. आमच्या पेठेत पहिला आकडा हा नमस्कारासारखा असतो. तो कुणी खरा धरत नाही. समितीनं मला वरची मर्यादा दिली होती, मी बरीच खालून सुरुवात केली. त्यांनी तोंड वाकडं करावं, मी थोडं चढावं, त्यांनी पर्स उचलावी, मी थांबवावं. असं सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हा फिक्स्ड आहे."

"कळलं. चालेल."

रस्सीखेचीत समोरच्यानं दोर सोडला की आपणच उताणे पडतो, तसं मला झालं.

"गाडी?"

"आहे ती चालेल."

"महाबळेश्वरच्या क्लबची मेंबरशिप—"

"नको. एकच गोष्ट हवी. रोज दुपारी दोन ते तीन मी झोपणार. फोन नाही, मीटिंग नाही. बोर्डाची मीटिंग असली तरी नाही. हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहा."

"लिहायला कशाला? तुम्ही एमडी. दार लावून घेतलं तर विचारणार कोण?"

"तोंडी दिलेलं तोंडीच जातं."

ते वाक्य मला माझंच वाटलं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. "आमच्याकडं दुपारी मेंढरं बसतात. ती बसली की धनगरानंही बसायचं असतं. तो उभा राहिला की कळपातलं एक मेंढरू उठतं. मग सगळीच उठतात. मग सकाळी चरलेलं अंगी लागत नाही. मागच्या कंपनीत मी दिवसभर उभी असायची. माझ्यामुळं खालची सगळी उभी. नफा वाढला, माणसं वाळली. तिथून निघताना ठरवलं, पुन्हा एमडी झाले तर आधी बसायचं."

मी हात पुढं केला. त्यांनी धरला. सौदा झाला. धुकं एव्हाना व्हरांड्यात शिरलं होतं, आणि हातातला हात सोडला तर ही बाई आहे तशी विरून जाईल असं मला उगाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला अण्णांच्या पेढीवर गेले. एवढी मोठी कंपनी झाली तरी अण्णा सकाळी पेढीवरच बसत. गादी, तक्क्या, कोपऱ्यात हळदीचे नमुने. सोबत कंपनी सेक्रेटरी मृणाल होती. कंपनी सेक्रेटरी म्हणजे पत्रं टाइप करणारी नव्हे. शेअरवाल्या कंपनीत कायद्याचं काम तिच्याकडं असतं, आणि चेअरमनला 'असं करता येणार नाही' असं सांगण्याचा पगार तिला मिळतो.

अण्णांनी माझं ऐकून घेतलं.

"पहिल्याच आकड्याला व्हय म्हणाली?"

"हो."

"मग आपुन जास्त सांगितलं."

"अण्णा, मी खालचाच सांगितला."

"मग तिच्यात काय तरी खोट हाय. चांगला माल कोण पहिल्या भावात देतं गं?" त्यांनी मृणालकडं बघितलं. "आन् ह्ये झोपेचं काय काढलंय?"

मृणाल म्हणाली, "एमडींच्या करारातल्या अटी आपल्याला सभेच्या नोटिशीत छापाव्या लागतात. सगळ्या शेअरहोल्डरांकडे जाईल."

"म्हंजे गणपती पेठेत आमच्या नावानं हसत्यात की लोकं! चेअरमननं झोपायला बाई आणली."

"अण्णा, कलम राहिलं तरच बाई राहतील," मी म्हणाले.

"बघतो," अण्णा म्हणाले. अण्णांचं 'बघतो' मला ठाऊक होतं. माझी ग्रेड ते अशीच बघत आले होते.

त्यांनी काय बघितलं ते दोन दिवसांनी कळलं. मला न विचारता त्यांनी मोटेबाईंना मेल केला होता. झोपेचं कलम काढूया. बदल्यात मोठी गाडी घ्या, ड्रायव्हर घ्या, क्लब घ्या, ईसॉप वाढवून देतो. अण्णांच्या हिशेबात हा घसघशीत चढा भावच होता. बाईंचं उत्तर आलं, ते मृणालनं मला फोनवर वाचून दाखवलं. "ठरलेलं बदलतं असं दिसलं. मी येत नाही. कंपनीला शुभेच्छा."

त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या! शिव्या दिल्या असत्या तर मला जागा दिसली असती. शिवी देणारा माणूस अजून बोलणीत असतो.

मी स्वतः गाडी चालवत साताऱ्याहून सांगलीला आले. वाटेत कुठंही थांबले नाही, चहालासुद्धा नाही, त्यामुळं पेढीवर पोचले तेव्हा डोकं पुरतं तापलं होतं. अण्णा एका व्यापाऱ्याशी बोलत बसले होते. दिवाणजी हिशेब लिहीत होते. मी चपला काढल्या आणि थेट गादीसमोर उभी राहिले.

"अण्णा, सौदा मी केला. मोडला तुम्ही."

"आगं, आधी बस तरी."

"बसत नाही. कुपवाडची माणसं कुठं बसवायची ते आधी सांगा."

"तिच्या फायद्याचंच बघत हुतो न्हवं. कंपनीचं वाचवत हुतो."

"फुकटची गोष्ट काढून त्याजागी लाखांची द्यायला निघालात, आणि वाचवत होता?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. "मंगल, आवाज खाली. पेढी हाय ही."

पेढी म्हटल्यावर मला सुचलं. हळदीच्या पेठेत पूर्वी सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत, आणि कापडाखाली बोटं दाबून भाव सांगत. भोवती माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळे. पुढं ही पद्धत बंद झाली, उघडे लिलाव आले. पण तिचा नियम अण्णांच्या पिढीच्या हाडात होता. एकदा हात रुमालाबाहेर आला, की भाव पक्का. त्यानंतर जो पुन्हा बोलेल त्याच्या हाताला पेठेत कुणी हात देत नसे.

मी खाली वाकले. अण्णांचा हात धरला. त्यांच्याच खांद्यावरचं उपरणं ओढून त्यावर टाकलं. व्यापारी गडबडीनं मागं सरकला. दिवाणजींचं पेन थांबलं. रुमालाखाली बाईचा हात त्या पेढीनं बघितलेला नव्हता.

"समितीनं मला सौद्याला बसवलं. बसवलं ना?"

"बसवलं."

"मी त्या बाईचा हात धरला. भाव ठरला. हात बाहेर काढला. आता तुम्हीच सांगा अण्णा, बाहेर आलेला हात परत आत घालतात?"

अण्णांनी उपरण्याकडं बघितलं. आणि मग मला कापडाखाली त्यांची बोटं हलताना जाणवली. एक बोट दाबलं. मग दुसरं. म्हातारा सवयीनं माझ्याशीच घासाघीस करायला लागला होता!

"अण्णा!"

ते दचकले. आधी हात काढून घेतला, मग स्वतःच हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बोटं ऐकत न्हाईत बघ," ते म्हणाले. मग उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. "कुठं ऱ्हाती ती बाई? गाडी काढा."

मोटेबाई आईकडं गेल्या होत्या. आम्ही अण्णांच्या गाडीनं निघालो. ड्रायव्हर पुढं, आम्ही दोघं मागं. ड्रायव्हर असला की खिडकीबाहेर बघता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. तासगावच्या बाजूच्या द्राक्षबागा संपल्या. बेदाण्याच्या रिकाम्या शेड मागं पडल्या. रस्ता पठारावर चढला. इकडं पाऊस कमी, नुसतं मोकळं आभाळ आणि वारा. मग पवनचक्क्या सुरू झाल्या. उंच, पांढऱ्या, एकामागं एक. त्यांची पाती कुठलीच घाई नसल्यासारखी फिरत होती. एकीची सावली गाडीवरून सरकली, मग दुसरीची. उजेड, सावली, उजेड, सावली. माझा राग कुठल्या सावलीबरोबर उतरला ते कळलं नाही. अण्णा काचेतून वर बघत होते, जत्रेत पाळण्याकडं बघावं तसे.

पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. माळावर पत्र्याचं नीटनेटकं घर, पुढं मोठी बाभळ, आणि तिच्याभोवती मेंढरं बसलेली. मान एकमेकांच्या पाठीवर टाकून, डोळे अर्धे मिटून. दारात एक म्हातारी लोकर कातत बसली होती. बाईंची आई.

"सुजाता हाय का?" अण्णांनी विचारलं.

"निजलीय. बसा."

"मी कंपनीचा चेअरमन."

"आसाल की. बसा." तिनं बाभळीच्या बुंध्याशी घोंगडं अंथरलं.

बाभळीच्या पलीकडं, बाजेवर, चष्मा उशाशी ठेवून मोटेबाई झोपल्या होत्या. आम्ही घोंगड्यावर बसलो. अण्णांना जमिनीवर बसायची सवय होती, थांबायची नव्हती. त्यांचा फोन वाजला. फंडवाल्यांचा. ते फोन कानाला लावून उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. लगेच एक मेंढरू उठलं. त्याच्या शेजारचं उठलं. मग सगळ्या कळपात कुजबुजल्यासारखी हालचाल झाली.

"आवं, खाली बसा की!" म्हातारी ओरडली. "मेंढरं उठवताय व्हय? येवढं मोठं झालासा, बसाय येत न्हाई?"

अण्णा मटकन बसले. मेंढरांनी जरा वाट बघितली, मग ती एकेक करून खाली बसली. अण्णांनी कळपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग फोन बंद करून कोटाच्या खिशात टाकला. "फंडवाला थांबंल," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांची मान बाभळीच्या खोडाला टेकली.

वारा होता. म्हातारीच्या लोकर कातायच्या चातीचा बारीक आवाज होता. लोकरीचा उबट वास होता. लांबच्या पवनचक्कीची सावली माळावरून यायची आणि जायची. मी जागी राहायचं ठरवलं होतं. पण मला स्वप्न पडलं. कुपवाडच्या गेटवर मोठा काटा लावलाय, आणि माझे वडील एकेका माणसाला त्यावर उभं करून तोलतायत. साहेब, कामगार, अण्णा, मी. कुणाचंच वजन भरत नाही. काट्याचं पारडं नुसतं वर तरंगतंय. वडील काळजी न करता म्हणतायत, असू दे, उद्या भरेल. आणि रांग पुढं सरकत राहते, गेटातून आत, धुक्यात.

जागी झाले तेव्हा मेंढरं उठलेली होती. मोटेबाई समोर उभ्या राहून अण्णांकडं बघत होत्या. अण्णा तोंड उघडं टाकून घोरत होते.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"उठवू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पहिल्यांदाच झोपलेले दिसतात."

त्यांनी चहा केला. चहाच्या वासानं अण्णा उठले, उपरणं सारखं केलं, आणि कुठलीही प्रस्तावना न करता बोलले. "बाई, सौदा झालेला हुता. मी नंतर बोललो. पेठेत असं करत न्हाईत. ते बोलणं धरू नगा."

"कलम लिहिणार?"

"लिवतो. छापतो बी."

"मग येते."

मला वाटलं, झालं. पण अण्णा ते अण्णाच. चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "न्हाई, म्हंजे मी काय म्हणतो, दोन ते अडीच केलं तर—"

मी डोळे वटारायच्या आधीच बाई म्हणाल्या, "अण्णा, मेंढरं अर्ध्यात उठवत न्हाईत." पहिल्यांदाच त्या आमच्या बोलीत बोलल्या. म्हातारी खुदकन हसली. सौदा पुन्हा झाला.

पुढचं काम मृणालचं आणि माझं. नोटिशीत आम्ही लिहिलं, कामाच्या दिवशी दुपारी दोन ते तीन हा वेळ व्यवस्थापकीय संचालकांच्या विश्रांतीसाठी राखीव राहील. प्रत्येक पर्कपुढं त्याची किंमत लिहायची असते. इथं आम्ही लिहिलं, शून्य. तिथंच घोळ झाला. मोठ्या फंडांना मत कसं द्यावं हे सांगणाऱ्या सल्लागार कंपन्या असतात. त्यातल्या एकीचा मेल आला. फिक्स्डबद्दल प्रश्न नाही, ईसॉपबद्दल नाही, गाडीबद्दल नाही. प्रश्न एवढाच, या सुविधेची किंमत शून्य कशी काढली? त्यावर कॉल झाले. एका वकिलाचं मत घेतलं. त्या मताची फी मात्र शून्य नव्हती. शेवटी त्यांनी कळवलं, हरकत घेण्यासारखं काही आढळत नाही, तरी भागधारकांनी आपापल्या विवेकानं ठरवावं.

हल्ली वार्षिक सभा व्हिडिओवर होते. पूर्वी सांगलीला हॉलमध्ये व्हायची, पेढ्याचा बॉक्स असायचा. आता पडद्यावर चौकोन असतात. सुजाताबाईंच्या नेमणुकीचा ठराव आला. मिरजेच्या बाजूचे एक वयस्क शेतकरी भागधारक बोलायला उभे राहिले. पहिल्या इश्यूपासून त्यांच्या घरात आमचे शेअर. बराच वेळ त्यांचा नुसता कान दिसत होता.

"आवाज येतोय का?"

"येतोय, बोला."

"मॅडम हुशार हायत, पेपरात वाचलं. पर मॅडम दुपारी झोपणार, मग कंपनी कोण बघणार?"

उत्तर मी मृणालकडून इंग्रजीत लिहून घेऊन अण्णांपुढं ठेवलं होतं, वर्क लाइफ बॅलन्स वगैरे. अण्णांनी तो कागद बाजूला सारला आणि माईक सुरू केला.

"पाव्हणं, मी त्यांच्या दारात झोपून आलोय. फोन बंद करून. उठलो तवा कंपनी हाय तितंच हुती. उलट मीच जरा बरा झालो हुतो."

त्या चौकोनातून हसण्याचा आवाज आला. "मग हरकत न्हाई," भागधारक म्हणाले. "मी बी आता झोपायलाच निघालोय." आणि पडद्यावरून गेले.

ठराव मंजूर झाला, भरघोस मतांनी. फंड थांबला. स्पर्धक दुसरीकडं गेला. कुपवाडचा प्लांट सुरू आहे. वार्षिक अहवालात छापून आलं, 'मा. चेअरमन यांच्या दूरदृष्टीमुळे योग्य नेतृत्व लाभले.' माझं नाव नव्हतं. ते मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

मात्र अण्णांनी एक केलं. माझी ग्रेड दिली, लेखी. त्याच आठवड्यात नव्या एमडींनी पर्क्सची पॉलिसी बदलली. त्या ग्रेडचा ड्रायव्हर काढला. मी तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेले. सकाळची वेळ होती, मुद्दाम निवडलेली.

"मॅडम, मला तो आत्ताच मिळाला होता."

"माहीत आहे. म्हणून आत्ताच काढला. सवय लागायच्या आत."

"निदान कुपवाडच्या फेरीला तरी?"

"नाही."

"महिन्यातून—"

"नाही, मंगलताई."

या बाईशी भांडणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. मी परत आले आणि स्वतःची गाडी स्वतः काढली. निवृत्त होईपर्यंत तशीच चालवली.

आता नवी मुलं सल्ला विचारायला येतात. कॉम्प अँड बेनमध्ये काय जपायचं? मी सांगते, करोडोंच्या पॅकेजवर समितीत कुणी मान वर करत नाही. ज्या मागणीला पैसे लागत नाहीत, तिच्यावर अख्खा हंगाम जातो. म्हणून अशी मागणी आली, तर तिच्यापुढं शून्य कधी लिहू नका. काहीतरी छोटासा आकडा लिहा. आकडा दिसला की लोक मान डोलावतात आणि पुढच्या ठरावाकडं वळतात.